नाल काढणारा आणि खेळणारा



भाताची झोडणी आटोपली, पेंढा रचून झाला, आता जरा उसंत आहे. एरवी या सदरात आपण बियाणे, खते, रोगकिडी यांविषयी बोलतो. आज पत्त्यांविषयी बोलायचे आहे. हसू नका. गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांत एक पत्र असे होते की ते बाजूला ठेवून मला माव्यावर आणि तुडतुड्यांवर लिहिता येईना.

पत्र विरारच्या पश्चिमेकडील एका भगिनीचे आहे. नावगाव छापू नका असे त्यांनी लिहिले आहे, ते योग्यच आहे. त्यांची वीस गुंठ्यांची वाडी आहे. केळी, थोडी भाजी, मागल्या अंगाला वालाचा तुकडा, कडेने चाफ्याची झाडे. मुलगा चोवीस वर्षांचा, पदविका घेतलेला, डोक्याने तल्लख. दोन वर्षे तो मोबाइलवर ‘पोकर’ नावाचा पत्त्यांचा खेळ पैशांवर खेळत होता. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा केला आणि पैशांवरचे ऑनलाइन खेळ बंद झाले, मग तो खेळ नशिबाचा असो की कसबाचा. माउलीला वाटले, सुटलो. पण आता मुलाने नवेच काढले आहे. तो म्हणतो, “आई, मी खेळणार नाही. मी पत्त्यांचा क्लब चालवणार. खेळणारे खेळतील, मी फक्त मॅनेजर.” त्यासाठी रस्त्याकडेचा गाळा त्याला हवा आहे, आणि टेबले, खुर्च्या, वातानुकूलन यांसाठी वाडीचा एक तुकडा विकावा असा त्याचा आग्रह आहे. वडिलांचे मन डळमळते आहे. बाई लिहितात, “भाऊसाहेब, उपदेश नको, तो आम्ही करून झालो. हिशेबाने सांगा.”

ताई, हिशेबानेच सांगतो.

आधी हा पोकर काय आहे ते पाहू, कारण वाचकांपैकी बऱ्याच जणांना तीन पत्ती ठाऊक असेल, हा नसेल. हा तीन पत्तीच्याच कुळातला. सध्या जो प्रकार जास्त चालतो त्यात प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात आणि सर्वांसाठी मिळून पाच पाने टेबलावर टप्प्याटप्प्याने उघडतात. या सातांतून ज्याचा पाच पानांचा संच भारी, त्याचा डाव. पण हातात काही नसतानाही मोठी रक्कम लावून समोरच्याला घाबरवून पळवता येते. म्हणजे पानांइतकेच माणूस ओळखण्याला महत्त्व आहे.

यात कसब आहे का? आहे. ते मी नाकारणार नाही, कारण खोटे बोललो तर तुमचा मुलगा माझा लेख टाकून देईल आणि ते बरोबरच होईल. अमेरिकेत लास वेगास येथे या खेळाची जागतिक स्पर्धा १९७०पासून भरते. तेथे २०१७ साली आदित्य सुशांत आणि २०१८ साली निकिता लुथर या आपल्या देशाच्या खेळाडूंनी विजयाचे कडे मिळवले आहे. डॉयल ब्रन्सन नावाचा खेळाडू तर टेक्सासमधील लाँगवर्थ या खेड्यात १९३३ साली जन्मला. आपल्या विदर्भासारखा तोही कापसाचा मुलूख. पाय मोडल्याने खेळाच्या मैदानावरची उमेद संपली, विक्रेत्याची नोकरी धरली, ती सोडून पत्त्यांकडे वळला. १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने मुख्य स्पर्धा जिंकली, आणि २०२३ साली म्हातारपणी गेला तोवर तो नावाजलेलाच राहिला. मुलाने बहुधा याचेच नाव तुम्हाला सांगितले असेल. पण हाच ब्रन्सन दोन भागीदारांबरोबर पहिल्यांदा लास वेगासला गेला तेव्हा तिघांची वर्षानुवर्षांची पुंजी तिथे घालवून बसला होता, हे त्याने सांगितले का, विचारा.

आणि स्टू उंगर याच्याविषयी विचारा. पत्त्यांच्या टेबलावर याच्यापेक्षा तल्लख माणूस झाला नाही असे जाणकार म्हणतात. १९८०, १९८१ आणि १९९७ अशी तीनदा त्याने ती मुख्य स्पर्धा जिंकली. तिसऱ्या वेळी बक्षीस होते दहा लाख डॉलर. पण स्पर्धेत बसायला लागणारे दहा हजार डॉलर त्याच्याजवळ नव्हते. ते दुसऱ्याने भरले, आणि ठरल्याप्रमाणे निम्मे बक्षीस त्या दुसऱ्याने नेले. उरलेले निम्मे घोड्यांच्या शर्यतीत, इतर पैजांत आणि अमली पदार्थांत गेले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९८ मध्ये, लास वेगासच्या एका स्वस्त लॉजच्या खोलीत तो मरून पडलेला सापडला. वय पंचेचाळीस. पत्त्यांत तो हरला नव्हता. पत्त्यांच्या पैशाला घरात थारा मिळाला नव्हता.

आता हिशेब. समजा सहा जण प्रत्येकी हजार रुपये घेऊन टेबलावर बसले. टेबलावर एकूण सहा हजार. प्रत्येक डावात सरासरी दोनशे रुपये मध्ये जमतात असे धरू. ज्याची जागा आहे तो प्रत्येक डावातून शेकडा पाच काढून घेतो. यालाच आपल्याकडच्या अड्ड्यांवर नाल म्हणतात. दोनशेवर दहा रुपये झाले. दहा रुपये म्हणजे काय, चहाचा कप. कोणाला टोचत नाही. पण तासाला तीस डाव होतात. तासाचे तीनशे. रात्री दहापासून पहाटे चारपर्यंत सहा तासांचे अठराशे. म्हणजे पहाटे सहा जण उठतात तेव्हा टेबलावर सहा हजारांपैकी बेचाळीसशेच उरलेले असतात. कोण जिंकले, कोण हरले ते सोडा. सहा जणांनी मिळून अठराशे घालवले आणि ते कोणाच्याच लक्षात आले नाही.

बाजारात आपण भाजी नेतो, तिथेही अडत्या त्याचे कापून घेतो आणि आपण चरफडतो. पण तिथे टोपलीत माल तरी असतो. इथे पीक कोणते निघाले? सहा जणांच्या खिशातले पैसे एकमेकांच्या खिशात फिरले आणि प्रत्येक फेरीला थोडे गळले. अशा टेबलावर पोट भरायचे तर नुसते इतरांपेक्षा चांगले खेळून भागत नाही. इतरांपेक्षा इतके चांगले खेळावे लागते की नाल जाऊनही उरले पाहिजे. म्हणून धंदेवाईक खेळाडू कच्चे गडी जिथे बसतात तिथे जाऊन बसतो. त्याचे पीक म्हणजे कच्चा गडी. दोन वर्षे मोबाइलवर तुमचा मुलगा शेतकरी होता की पीक होता, हे त्याच्या बँकेच्या पुस्तकावरून एका संध्याकाळी कळेल.

इथे तुमचा मुलगा म्हणेल, “मी हेच सांगतो आहे. म्हणून तर मला खेळायचे नाही, नाल काढणारा व्हायचे आहे.” मुलगा हुशार आहे असे तुम्ही लिहिले ते खरे दिसते. ज्याच्या जागेत ती जागतिक स्पर्धा सुरू झाली तो बेनी बिनियन खेळाडू म्हणून नव्हे, मालक म्हणूनच गब्बर झाला. त्याच्या जुगारघराचे नाव ‘हॉर्सशू’ होते. हॉर्सशू म्हणजे घोड्याच्या पायाचा नाल! योगायोग आहे, पण गमतीचा आहे.

पण लास वेगास लांब राहिले. मॅनेजर कसा मोठा होतो आणि पुढे काय होते, ते आपल्याच मुंबईत पाहू. विरार लोकलने तासा-दीड तासाच्या अंतरावरची गोष्ट आहे.

पन्नास-साठच्या दशकांत मुंबईतल्या मुंबादेवीजवळच्या धनजी स्ट्रीटवर रिकामटेकडी माणसे जमत. न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाचा भाव काय उघडला आणि काय बंद झाला, याची तार मुंबईला येई. त्या भावाच्या आकड्यांवर ही मंडळी पैजा लावत. कापूस पिकवणारा वऱ्हाडात आणि खानदेशात, त्याला त्या भावाची खरी चिंता. इथे पैज लावणाऱ्याच्या घरात कापसाची वातसुद्धा नसायची. १९६१च्या सुमारास हे आकडे यायचे थांबले. तेव्हा लोकांनी आपले आकडे आपणच काढायला सुरुवात केली. चिठ्ठ्या मडक्यात घालून काढत, म्हणून नाव पडले मटका.

या धंद्याचे पहिले मोठे नाव कल्याणजी भगत. कच्छमधल्या रताडिया गावचा शेतकऱ्याचा मुलगा. १९४१ साली मुंबईत आला, मसाले फेरीने विकले, किराणा दुकान सांभाळले, आणि १९६२ साली वरळीत मटका सुरू केला. आपल्याकडचे कित्येक जण ‘कल्याण’ मटका म्हणजे कल्याण स्टेशनचा असे आजही समजतात. तो गावाचा नव्हे, या कल्याणजींच्या नावाचा.

त्यांच्याकडे मॅनेजर म्हणून काम केलेला माणूस म्हणजे रतन खत्री. फाळणीच्या वेळी कराचीहून आलेला सिंधी तरुण. मालकाचे काम आतून पाहिले, आणि १९६४ साली बाहेर पडून स्वतःचा मटका काढला. त्याने मडके बाजूला ठेवले आणि पत्त्यांचा जोड घेतला. राजा, राणी, गुलाम काढून टाकायचे, उरलेल्यांतून तीन पाने ओढायची, त्यांची बेरीज करायची आणि शेवटचा आकडा धरायचा. हा ‘ओपन’. पुन्हा तीन पाने, तो ‘क्लोज’. दोन्ही मिळून ‘जोडी’. पाने तो लोकांसमोर उघडत असे, म्हणून लोकांचा विश्वास बसला. भल्या माणसाच्या धंद्यात असतो तसा विश्वास बरं का. गिरणगावातल्या कामगारापासून बंगलेवाल्यापर्यंत सगळे त्याच्याकडे आकडा लावत, आणि आकडा फुटला की तो तासाभरात गावोगावच्या टपऱ्यांवर पोचत असे.

या मटक्याचे गणितही पाहून घ्या, कारण ते सोपे आहे. आकडे दहा, शून्य ते नऊ. एका आकड्यावर एक रुपया लावला आणि लागला तर नऊ रुपये मिळत. दहाही आकड्यांवर रुपया रुपया लावला तर दहा जातील, नऊ येतील. जोडीचेही तेच. शंभर जोड्या, मिळणार नव्वद. शेकडा दहा खेळवणाऱ्याचे. आता शंभर रुपये घेऊन निघालेला माणूस तेच पैसे फिरवत राहिला तर सरासरीने पहिल्या फेरीला नव्वद उरतात, दुसरीला एक्याऐंशी, तिसरीला त्र्याहत्तर, आणि सातव्या फेरीला अठ्ठेचाळीस. सावकाराचे चक्रवाढ व्याज तुम्हाला माहीत आहे. हे तेच, फक्त तुम्ही कर्ज न काढता भरता.

माझे एक काका पहाटेच्या लोकलने दादरला भाजी न्यायचे. भाजीवाला म्हणून त्यांची पाठ चांगली होती, माल कधी शिळा नसे. परतताना प्लॅटफॉर्मबाहेरच्या टपरीवर चिठ्ठी लावूनच घरी यायचे. स्वप्नात साप दिसला तर एक आकडा, लग्नाची वरात दिसली तर दुसरा. मी तेव्हा शाळेत होतो, आणि सकाळी चहा पिताना ते आम्हा पोरांना “काल काय दिसलं रे?” असे विचारायचे, ते आम्हाला लाडाचे वाटायचे. ते गेल्यावर ट्रंकेत एक वही सापडली. लाल शाईने नीट तारखा घालून आकडे लिहिलेले, शेजारी मिळालेली रक्कम. आम्ही सगळे चकित झालो, एवढे पैसे यांना मिळाले? मग काकूने वही हातात घेतली, चाळली आणि म्हणाली, “यात लागलेलेच आकडे आहेत. न लागलेल्यांची वही त्यांनी केलीच नाही.” तिच्या पाटल्या आणि विहिरीकडचा केळीचा तुकडा त्या न केलेल्या वहीत होता.

असो. रतन खत्रीकडे येऊ. हा माणूस काकांसारखा आकडा लावणारा नव्हता, पाने उघडणारा होता. त्याला काय मिळाले? अमाप पैसा मिळाला. त्याच्यावरून सिनेमातली पात्रे बेतली गेली. आणीबाणीत त्याला पकडले आणि एकोणीस महिने तो तुरुंगात राहिला. सुटल्यावर धंदा पुन्हा चालवला, पण नव्वदीच्या सुरुवातीला त्याने तो सोडला. १९९५ नंतर पोलिसांनी मटक्यावर जोराची टाच आणली. २०२० च्या मे महिन्यात तो वार्धक्याने मुंबईत वारला. त्याविषयी वाचताना मला सर्वांत नवल वाटले ते याचे की, निवृत्तीनंतरही तो महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोड्यांवर पैसे लावायला जात असे. शेकडा दहाचे गणित ज्याने आयुष्यभर चालवले, तोही शेवटी दुसऱ्याच्या खिडकीसमोर रांगेत उभा राहिला.

भगत घराण्याचे तर वाईट झाले. कल्याणजींचा मुलगा सुरेश याने धंदा पुढे चालवला. २००८ च्या जूनमध्ये अलिबागच्या कोर्टातून परतताना त्याच्या गाडीला ट्रकने चिरडले. तो अपघात नव्हता, धंद्याच्या आणि मालमत्तेच्या वादातून घडवलेला खून होता, असे न्यायालयाने ठरवले आणि २०१३ साली बायको-मुलासह काही जणांना जन्मठेप दिली. नाल काढणाऱ्याच्या घरातला हा हिशेब.

आता कायद्याकडे वळतो, कारण गाळ्याचा प्रश्न इथेच निकाली निघतो. महाराष्ट्रात जुगाराला १८८७ चा कायदा लागू आहे. जुना आहे, पण जिवंत आहे. अड्डा चालवणाऱ्याला कलम ४, अड्ड्यावर सापडणाऱ्याला कलम ५. कसबाचे खेळ त्यातून वगळले आहेत, आणि मुलगा याच फटीवर बोट ठेवील. तो म्हणेल की सर्वोच्च न्यायालयाने रमीला कसबाचा खेळ म्हटले आहे. होय, १९६७ च्या निकालात म्हटले आहे. पण त्याच निकालात पुढे असेही म्हटले आहे की, पैशांवर चालणाऱ्या खेळातून क्लबाचा किंवा जागेचा मालक नफा कमावत असेल तर गुन्हा शाबीत होऊ शकतो. बसण्याची साधी फी वेगळी, नफा वेगळा. म्हणजे पाने पिसण्यावर न्यायालयाचा रोख नाही, नाल काढण्यावर आहे. आणि पोकर कसबाचा की नशिबाचा याविषयी तर आपल्या उच्च न्यायालयांचेही एकमत नाही. गुजरातच्या उच्च न्यायालयाने २०१७ साली तो जुगारच ठरवला. गाळ्याचा उतारा तुमच्या मालकांच्या नावावर आहे, ताई. पोलीस येतील तेव्हा आधी उतारा पाहतील.

कोणी म्हणेल, गोव्याला चालते मग इथे का नाही? गोव्याचा कायदा वेगळा. तिथे १९७६ च्या कायद्यात पुढे दुरुस्त्या झाल्या, आधी पंचतारांकित हॉटेलांत यंत्रे आली आणि मग मांडवीत जहाजे उभी राहिली. पण फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोव्याच्या रहिवाशांना त्या कॅसिनोंत खेळायला बंदी आहे. सरकार परवाना देते, कर घेते, आणि आपल्या घरच्या माणसाला मात्र दाराबाहेर ठेवते. महाराष्ट्रानेही १९७६ साली कॅसिनोचा कायदा करून ठेवला होता. तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ साली रद्द झाला.

मुलाला खरोखर याच क्षेत्रात काम करायचे असेल तर गोव्यात परवानाधारक ठिकाणी पाने वाटणारे, टेबलांवर देखरेख करणारे, मॅनेजर असे पगारी लोक लागतात. रात्रपाळीची नोकरी, पाहुण्यांशी गोड बोलणे, हिशेब चोख. मला ते काम आवडत नाही, पण माझ्या आवडीचा प्रश्न नाही. ती नोकरी आहे, तिला वाडी विकावी लागत नाही. त्याने अर्ज करावा. फक्त पगाराच्या दिवशी त्याने टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसू नये.

गाळ्यातल्या क्लबाचे मात्र एकच विचारतो. तिथे कोण बसेल? मुंबईचा शेठ तुमच्या गावात पत्ते खेळायला येणार नाही. येतील ती तुमच्याच आळीतली मुले. एकाच्या घरी नुकतीच जागा बिल्डरला दिल्याचे पैसे आलेले असतील, एकाच्या बहिणीचे लग्न ठरलेले असेल, एकाचा बांध तुमच्या बांधाला लागून असेल. रात्रीला अठराशेचा हिशेब मी वर मांडला, ते अठराशे त्यांच्या घरांतून निघतील. वसईकडे माणसे एकमेकांच्या लग्नाला, मयताला, सणाला जातात. त्या आयांच्या समोर तुम्ही बाजारात कशा उभ्या राहाल, हे तुम्हीच मालकांना विचारा. मी सरकारी माणूस, बदली झाली की जाईन.

वाडीचा तुकडा विकू नका. मुलाला एक साधी वही आणून द्या. दोन वर्षांत मोबाइलवर किती पाठवले आणि किती आले, बँकेच्या उताऱ्यावरून त्याने स्वतःच्या हाताने लिहावे. तुम्ही लिहू नका, वडिलांनीही लिहू नये. दोन्ही बाजू लिहाव्यात, न लागलेलेसुद्धा. बेरीज झाल्यावर त्याला वाटले तर त्याने ती वही घेऊन मला भेटावे, मी रागावणार नाही. गाळा मोकळाच ठेवायचा नसेल तर केळी पिकवण्याच्या खोलीचा किंवा सुकेळी भरून विकण्याचा विचार करता येईल. आगाशीच्या सुकेळीला नाव आहे. त्याचा खर्च-उत्पन्नाचा ताळा मी त्याच्याबरोबर बसून मांडीन, आणि नुकसान दिसले तर नुकसान म्हणून सांगेन.

पत्राच्या शेवटी तुम्ही वालावर आलेल्या माव्याविषयी विचारले आहे. शेंड्याला आणि कोवळ्या शेंगांना काळा मावा चिकटला असेल तर आधी पाण्याचा फवारा जोरात मारा, बराचसा गळून पडतो. मग निंबोळी अर्क घ्या. अर्धा किलो निंबोळ्या कुटून पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, दहा लिटर होईपर्यंत पाणी घाला आणि वीस ग्रॅम साबणाचा चुरा मिसळून संध्याकाळच्या वेळी फवारा. आठ दिवसांनी पुन्हा एकदा. शेंगांवर टिपके असलेले लाल किडे आणि त्यांच्या काळसर अळ्या दिसल्या तर त्यांना मारू नका, ते मावाच खातात.